अणूच्या चुलीची राख



माजिवड्याच्या नाक्यावर उभें राहिलें म्हणजे तीन वाटा फुटतांना दिसतात. एक दक्षिणेस मुंबईकडे वळते. तिनें पुढें गेलें कीं ट्रॉम्बेचें अणुसंशोधन केंद्र लागतें. दुसरी घोडबंदरावरून अहमदाबादच्या हमरस्त्याला मिळते, आणि त्या रस्त्यानें उत्तरेस गेलें कीं बोईसरच्या पलीकडे समुद्रकांठीं तारापूरचें वीजकेंद्र आहे. तिसरी वाट कसाऱ्याचा घाट चढून नाशिकास जाते. आजच्या विषयाला ह्या तिन्ही वाटांचें काम पडणार आहे, म्हणून आरंभींच त्यांची ओळख करून दिली.

विषय मला सुचविला तो एका वृद्ध आगरी बाईनें. मी रसायनशास्त्राचा शिक्षक होतों, आतां निवृत्त आहें. ही बाई जुन्या माजिवडे गांवांतली; वयानें माझ्याहून वडील, म्हणून मी तिला मावशी म्हणतों. तिची लेक बोईसरकडे दिलेली आहे. एके दिवशीं सकाळीं ओट्यावर राखेनें भांडीं घासतां घासतां तिनें मला विचारलें, "मास्तर, आमच्या चुलीची राख भांड्यांना तरी कामा येते. त्या तारापूरच्या चुलीची राख कंच्या कामाची? आन ती टाकतात तरी कुठं?"

मीं तीस वर्षें वर्गांत प्रश्न विचारले आणि ऐकले. इतका नेमका प्रश्न क्वचितच ऐकला असेल. त्याचें उत्तर मीं तिला दोन वाक्यांत दिलें, आणि घरीं येतांच मला जाणवलें कीं तें उत्तर अपुरें होतें. आज तें पुरें करण्याचा यत्न करतों.

प्रथम ही राख म्हणजे काय तें पाहूं. चुलींतलें लाकूड जळून जातें आणि मूठभर राख मागें उरते. अणुभट्टींत तसें होत नाहीं. तेथील इंधन म्हणजे युरेनियमच्या प्राणिदाच्या, करंगळीच्या पेऱ्याएवढ्या, काळ्या, भाजलेल्या गोळ्या. त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या लांब नळ्यांत भरलेल्या असतात. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांसारख्या भट्टींत कांहीं वर्षें राहून ती गोळी बाहेर आली, तरी तिच्यांतला शेंकडा पंचाण्णव भाग युरेनियमच असतो. शेंकडा एकाच्या आसपास प्लुटोनियम झालेलें असतें, आणि उरलेले तीन-चार भाग अणु फुटून झालेल्या तुकड्यांचे, म्हणजे सीझियम, स्ट्रॉन्शियम, आयोडीन, टेक्निशियम इत्यादि मूलद्रव्यांचे असतात. नेप्च्युनियम आणि अमेरिशियम हीं युरेनियमहून जड मूलद्रव्येंहि थोडीं थोडीं असतात. भय आहे तें ह्या थोडक्याचें.

ह्या प्रत्येकाचें आयुष्य वेगळें. सीझियम-१३७ व स्ट्रॉन्शियम-९० ह्यांचा अर्धा सांठा सुमारें तीस वर्षांत नाहींसा होतो. प्लुटोनियम-२३९ ला त्यासाठीं २४,१०० वर्षें लागतात, टेक्निशियम-९९ ला दोन लाखांहून अधिक, नेप्च्युनियम-२३७ ला एकवीस लाख चाळीस हजार, आणि आयोडीन-१२९ ला दीड कोटीहून अधिक. दहा अर्धायुष्यें लोटलीं म्हणजे मूळ सांठ्याचा सुमारें हजारावा भाग राहतो. अर्थात् सीझियमला तीनशें वर्षें अडवून धरलें तर तें जवळजवळ निरुपद्रवी होतें. शिवछत्रपतींच्या काळापासून आजपर्यंत जेवढा काळ गेला, त्याहून हा कमी आहे. नेप्च्युनियमचा हिशेब मात्र मनुष्याच्या कोणत्याहि वहींत मावणारा नाहीं. त्यांतून आणखी एक अडचण अशी, कीं अमेरिशियम झिजून नेप्च्युनियमच होतें. म्हणून बाकीची राख निवत असतां हें मूलद्रव्य पहिल्या कांहीं शतकांत वाढत जातें.

आतां ह्या गोळ्यांना पाणी लागलें तर काय होईल, हा खरा प्रश्न आहे. किरणोत्सारी द्रव्य जमिनींतून मनुष्यापर्यंत येतें तें बहुधा पाण्याच्या पाठीवर बसून.

ह्या प्रश्नाचें एक उत्तर सृष्टीनें फार पूर्वीं लिहून ठेवलेलें आहे, आणि तें वाचावयास मिळालें १९७२ सालीं. फ्रान्समधील पिएरलाटच्या कारखान्यांत आफ्रिकेच्या गाबोन देशांतून आलेल्या युरेनियमची तपासणी चालली होती. युरेनियम-२३५ चें प्रमाण सर्वत्र शेंकडा ०.७२० असतें, ह्या मालांत तें ०.७१७ भरलें. फरक केसाएवढा, पण रसायनज्ञांनीं तो सोडला नाहीं. शोध घेतां घेतां असें निघालें कीं, ओक्लो येथील खाणींत सुमारें दोनशें कोटी वर्षांपूर्वीं आपोआप अणुभट्टी पेटली होती. भूमिगत पाण्यानें तिला चालविलें, आणि लाखों वर्षें ती मधून मधून पेटत राहिली. तिच्यांत झालेलें प्लुटोनियम झिजून गेलें, पण तें बहुतांशीं जागच्या जागीं झिजलें. अनेक तुकडेहि तेथेंच अडकून राहिले. सीझियम, आयोडीन व वायुरूप द्रव्यें मात्र पुष्कळ निसटलीं.

ओक्लोचा दाखला देऊन कित्येक जण निश्चिंत होतात. मला वाटतें, एवढ्यावर निश्चिंत होऊं नये. ओक्लोचा काळा दगड खोल होता आणि तेथील पाण्यांत प्राणवायु जवळजवळ नव्हता. युरेनियमचा स्वभाव दुहेरी आहे. प्राणवायु नसलेल्या पाण्यांत तें चतुःसंयुजी राहतें, काळें असतें, आणि विरघळण्याचें नांव घेत नाहीं. प्राणवायु मिळाला कीं तें षट्संयुजी होतें, आणि साखरेसारखें नव्हे, तरी पुरतें विरघळून पाण्याबरोबर चालूं लागतें. पाण्यांत कर्बाम्ल असेल तर अधिकच वेगानें. मग त्या गोळीच्या पोटांत अडकलेलें जें जें कांहीं आहे तें सर्व मोकळें होतें. इतकेंच नव्हे, बाहेरून प्राणवायु आला नाहीं तरी ताज्या राखेचे किरण पाण्याचेच रेणु फोडतात व त्यांतून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतें. आपल्याला गंज चढविणारें द्रव्य हें इंधन स्वतःच निर्माण करतें!

पण गोष्ट येथें संपत नाहीं, आणि हें समजण्यासाठीं मी तुम्हांस क्षणभर नाशिकच्या वाटेवर नेतों. त्या वाटेनें सिन्नरला गेलें तर तेथें गारगोटी नांवाचें खनिजांचें संग्रहालय आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणांत जे पोकळ बुडबुडे राहिले, त्यांत वाढलेले शुभ्र, गुलाबी, हिरवट स्फटिक तेथें मांडलेले आहेत. हे स्फटिक लाव्हाबरोबर आलेले नव्हेत. पाणी खडकांतून झिरपलें, त्यानें खडकाचाच कांहीं अंश विरघळवून नेला, आणि पुढच्या पोकळींत तोच अंश नव्या रूपानें ठेवून दिला. पाणी नेतें, परंतु सर्वच दूर नेत नाहीं. ह्यांतलीं पुष्कळ खनिजें झिओलाइट ह्या कुळांतलीं आहेत. त्यांच्या स्फटिकांत सूक्ष्म दालनें असतात आणि त्या दालनांत सीझियम सहज जाऊन बसतें. १९७९ सालीं अमेरिकेंतील थ्री माइल आयलंडच्या अपघातानंतर, आणि २०११ सालीं जपानांतील फुकुशिमाच्या अपघातानंतर, दूषित पाणी ह्याच कुळांतल्या खनिजांतून गाळून त्यांतलें सीझियम काढण्यांत आलें.

युरेनियमचें असेंच होतें. विरघळलेलें युरेनियम थोडें पुढें जातें, त्याला पाण्यांतली सिलिका, चुना, सोडियम, पोटॅशियम भेटतात, आणि तें पुन्हां खनिज होऊन बसतें. हीं नवीं खनिजें काळीं नसतात. तीं हळदीसारखीं पिवळीं, कधीं नारिंगी, कधीं हिरवट असतात. त्यांचीं नांवेंहि विज्ञानाच्या इतिहासांतलीं आहेत. काँगोमधील शिंकोलोब्वेच्या खाणींत सांपडलेल्या एकाला बेकरेलाइट म्हणतात, दुसऱ्याला पिएर क्यूरीवरून क्यूराइट, तिसऱ्याला मादाम क्यूरीच्या माहेरच्या नांवावरून स्क्लोडोव्स्काइट. किरणोत्सर्गाचा शोध ज्यांनीं लावला त्यांचीं नांवें युरेनियमच्या गंजाला मिळालीं. ह्याहून योग्य स्मारक मला तरी सुचत नाहीं.

मेक्सिकोच्या चिवावा प्रांतांत पेन्या ब्लांका येथें नोपाल नांवाची एक खाण आहे. तेथें कोरड्या, हवा खेळत्या डोंगरांत काळें युरेनियम गंजून बहुतेक पिवळें झालें, आणि त्यांतला मोठा भाग युरेनोफेन ह्या चुना-सिलिकायुक्त खनिजाच्या रूपानें मूळ जागेच्या आसपासच राहिला. शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेंत १९९० नंतरच्या दशकांत खऱ्याखुऱ्या वापरलेल्या इंधनावर गरम पाण्याचे थेंब वर्षानुवर्षें पाडून पाहिले, तेव्हां तेथेंहि हाच क्रम दिसला. प्रथम स्कोपाइटसारखे पाणीदार प्राणिद, मग सिलिकायुक्त पिवळीं खनिजें. डोंगरांत जें युगें लागून झालें, तेंच काचेच्या भांड्यांत कांहीं वर्षांत घडलें. २००३ सालीं तर असें प्रसिद्ध झालें कीं, नुसत्या शुद्ध पाण्यांत ठेवलेल्या इंधनावर स्टुडटाइट हें पेरॉक्साइडचें खनिज वाढलें. चेर्नोबिलच्या उद्ध्वस्त भट्टींत वितळून थिजलेल्या इंधनावरहि असे पिवळे फुलोरे आलेले पाहण्यांत आले होते.

आतां मुख्य मुद्दा. हीं पिवळीं खनिजें वाढतांना गोळींतून सुटलेल्या इतर किरणोत्सारी द्रव्यांना आपल्या पोटांत घेतात काय?

ह्यासाठीं त्यांच्या घरांची रचना पाहिली पाहिजे. षट्संयुजी युरेनियमचा अणु एकटा राहत नाहीं. त्याच्या वर एक व खाली एक असे प्राणवायूचे दोन अणु घट्ट चिकटलेले असतात, आणि कमरेभोंवतीं चार ते सहा अणूंचें कडें असतें. हीं कडीं एकमेकांस जोडून पत्रे होतात, आणि पत्र्यावर पत्रा अशी खनिजाची चळत उभी राहते. दोन पत्र्यांमधल्या पोकळींत पाणी आणि चुना, सोडियम, पोटॅशियम ह्यांचे भारित अणु राहतात. वाड्याचे मजले युरेनियमचे. मधल्या माळ्यावर बिऱ्हाडकरू. सीझियम आणि स्ट्रॉन्शियम हे असेच बिऱ्हाडकरू होऊं शकतात. पोटॅशियमच्या जागीं सीझियम आणि चुन्याच्या जागीं स्ट्रॉन्शियम बसतें. बोल्टवुडाइट ह्या खनिजांत सीझियम घातलेले स्फटिक प्रयोगशाळेंत करूनहि पाहिले आहेत. बिऱ्हाडकरू म्हटला कीं तो पुढें दुसऱ्या बिऱ्हाडकरूला जागा देऊन निघून जाऊं शकतो, हें खरें. पण सीझियमला तीनशें वर्षेंच थोपवावयाचें आहे, हें वर सांगितलेंच.

नेप्च्युनियमला मात्र माळा चालत नाहीं. त्याला मजल्यांतच, युरेनियमच्या जागेवर, बसावें लागतें. त्याचा आकार व बांधणी युरेनियमसारखीच, वर-खाली प्राणवायूचे दोन अणु. फरक एकच: त्याच्यावरचा विद्युद्भार एकानें कमी. आणि स्फटिकाचा जमाखर्च फार कडक असतो. एका पैची तूट तो खपवून घेत नाहीं. नेप्च्युनियम आलें तर ती तूट दुसरीकडे कोठें तरी भरून काढली पाहिजे. ज्या वाड्याच्या माळ्यावर बिऱ्हाडें आहेत, तेथें एखादा भारित अणु अधिक घेऊन ती भरतां येते. ज्या वाड्यांत माळ्यावर नुसतें पाणीच आहे, तेथें भरतां येत नाहीं. अमेरिकेंतील नोत्र दाम विद्यापीठांत पीटर बर्न्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा तर्क प्रयोगानें तपासला आणि २००४ सालीं निष्कर्ष मांडला. युरेनोफेनांत व सोडियमयुक्त एका खनिजांत नेप्च्युनियम दशलक्षांत कांहीं शें भाग ह्या प्रमाणानें शिरलें. स्कोपाइटच्या जातीच्या, बिऱ्हाडकरू नसलेल्या खनिजांत तें तसें शिरलें नाहीं.

त्याच सालची दुसरी हकीकत मला अधिक महत्त्वाची वाटते. अमेरिकेनें आपलें वापरलेलें इंधन पुरण्यासाठीं १९८७ सालीं नेव्हाडाच्या वाळवंटांतील युक्का पर्वत निवडला होता. (२०१० नंतर तें काम थांबलें.) तो पर्वत कोरडा, पण त्यांत हवा खेळती, म्हणजे इंधन गंजणार हें गृहीतच होतें, आणि दूरच्या भविष्यांत नेप्च्युनियम हेंच मोठें संकट ठरेल असा हिशेब होता. अशा वेळीं १९९८ सालीं आर्गोनच्या संशोधकांनीं प्रसिद्ध केलें कीं, गंजलेल्या इंधनावरच्या पिवळ्या थरांत नेप्च्युनियम पुष्कळ प्रमाणांत अडकलेलें दिसतें. केवढा दिलासा! गंज चढतो, पण गंजच पहारा करतो. पुढें २००४ सालीं त्याच प्रयोगशाळेंतून क्ष-किरणांच्या साह्यानें फेरतपासणी झाली. मूळ गोळींत नेप्च्युनियम स्पष्ट दिसलें. पिवळ्या सालींत दिसलें नाहीं. आधींच्या इलेक्ट्रॉन-मापनांत जी खूण नेप्च्युनियमची म्हणून वाचली होती, ती इलेक्ट्रॉनांच्या एकाहून अधिक आघातांनीं उमटलेली फसवी खूण होती. हें ज्या संस्थेनें पूर्वीं शुभवर्तमान दिलें, तिनेंच छापून सांगितलें. आपल्याच जमेची रक्कम खोडावयास धैर्य लागतें; विशेषतः ती रक्कम सर्वांना हवी असते तेव्हां.

म्हणून आज म्हणतां येतें तें एवढेंच. जमेल त्या खनिजांत नेप्च्युनियम बसूं शकतें. परंतु खऱ्या इंधनाच्या गंजांत तें पुरेसें बसतेंच, असें सिद्ध झालेलें नाहीं. टेक्निशियम आणि आयोडीन ह्यांची कथा तर अधिकच निराशेची. पाण्यांत तीं ऋणभारित होऊन हिंडतात, आणि ऋणभारिताला ह्या वाड्यांत ना मजल्यावर जागा, ना माळ्यावर. शिवाय पिवळीं खनिजें स्वतः तरी कोठें अमर आहेत? पाण्याचा गुण बदलला, सिलिका घटली, कर्बाम्ल वाढलें, कीं एक वाडा मोडून दुसरा बांधला जातो, आणि त्या मोडतोडींत आंतले लोक रस्त्यावर येतात. हें बंदिगृह नव्हे. ही धर्मशाळा आहे.

आपल्या देशानें निराळी रीत पत्करली आहे. येथें वापरलेलें इंधन तसेंच पुरीत नाहींत. तें आम्लांत विरघळवून त्यांतलें युरेनियम व प्लुटोनियम वेगळें काढतात. ट्रॉम्बेचा असा पहिला कारखाना १९६४ सालीं चालू झाला. मागें उरलेलें तीव्र द्रव्य बोरॉन व वाळूच्या कांचेंत वितळवून पोलादी डब्यांत ओततात; तारापूरला हें काम चालतें. कांच निवडली ती ह्यासाठीं, कीं ती खनिजाइतकी चोखंदळ नसते. स्फटिकाचा जमाखर्च कडक, कांचेचा सैल. ती अनेक जातींच्या अणूंना एकदम पोटांत घेते.

मग परक्या देशांतल्या पिवळ्या गंजाशीं आपल्याला काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. तारापूरच्याच पहिल्या दोन भट्ट्या पाहा. त्या १९६९ सालीं वीज देऊं लागल्या. त्यांचें इंधन १९६३ च्या करारानें अमेरिकेहून आलें, आणि तें वापरून झाल्यावर त्यावर पुढची क्रिया करण्यास त्या देशाची संमति लागते कीं नाहीं ह्या वादांत तें कित्येक वर्षें हौदाच्या पाण्यांत जसेंच्या तसें राहिलें. हौदाचें पाणी शुद्ध राखलेलें आणि नळ्या शाबूत, म्हणून गंजाची वेळ आली नाहीं. परंतु राखणदारी चालू आहे तोंवरच ही खात्री. वापरलेल्या इंधनाचें वागणें आपल्यालाहि ठाऊक असलें पाहिजे. आणि कांचहि शेवटीं पाण्यानें हळूहळू झिजते, तिच्यावरहि नव्या खनिजांचें कवच वाढतें. तेव्हां तिथेंहि हाच प्रश्न पुन्हां उभा राहतो.

हें सर्व मीं मावशीला सांगितलें, अर्थात् अर्धायुष्यें व विद्युद्भार वगळून. वाड्याचा आणि बिऱ्हाडकरूंचा दाखला तिला लगेच पटला. तिच्या घरींहि भाडेकरू आहेत. ती म्हणाली, "म्हंजे तो पिवला गंज सगल्यांना राखत नाय."

"सगळ्यांना नाहीं, मावशी," मीं म्हटलें. "कांहींना राखतो, कांहींना थोडा वेळ थोपवतो, आणि दोघे-तिघे हातावर तुरी देऊन जातात."

"मंग त्यांची राखण कोन करनार?"

कांचेचे डबे तारापूरला जाड भिंतींच्या कोठारांत, वाऱ्यानें थंड होत, कांहीं दशकें ठेवावयाचे आहेत, आणि त्यांवर माणसांचा पहारा आहे, हें मीं तिला सांगितलें. त्यानंतर ते जमिनींत खोल, निबर खडकांत उतरावयाचे आहेत; पण ती जागा आपल्या देशांत अजून झालेली नाहीं, हेंहि सांगितलें. तिनें घासलेलीं भांडीं पालथीं घातलीं, आणि लेकीकडे फोन लावून दे म्हणाली.